हिवाळ्यातील मळा : आपल्या कुटुंबजीवनाचा एक दुर्लक्षित अध्याय

आपल्या माळी समाजाच्या इतिहासासंबंधी आजवर जे लेखन झाले, त्यात थोर पुरुषांची चरित्रे, संस्थांची स्थापना व परिषदांचे वृत्तांत यांस अग्रस्थान मिळाले, हे स्वाभाविकच आहे. अरणचे संत सावता महाराज यांनी तेराव्या शतकात मळ्यातच परमेश्वर पाहिला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केली. सासवडकडील माळी बागायतदारांनी १९३२ मध्ये माळीनगर येथे आपला साखर कारखाना उभा केला. या घटनांचे स्मरण प्रत्येक पिढीस करून दिलेच पाहिजे. तथापि ज्या असंख्य लहान मळ्यांच्या आधारावर हा समाज उभा राहिला, त्या मळ्यांतील घरांचा नित्याचा दिनक्रम कोणी लिहून ठेवला नाही. कोणी कोठे भाषण केले हे आपणांस ठाऊक असते. परंतु पणजीचा पौष महिना कसा जात होता, हे विचारले तर बहुतेक घरांतून उत्तर मिळत नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही या विषयाचा एक लहानसा भाग घेतला आहे. पुणे जिल्ह्यातील पुरंदर व हवेली तालुक्यांच्या परिसरात, स्थूलमानाने १८७५ पासून १९६५ पर्यंतच्या काळात, चार-पाच एकरांच्या मळ्यावर राहणारे कुटुंब हिवाळ्याचे चार महिने कसे घालवीत असे, एवढेच येथे पाहावयाचे आहे. हिवाळाच निवडण्याचे कारण असे की, पावसाळ्यातील पीक बव्हंशी पावसाच्या लहरीवर अवलंबून. परंतु कार्तिकापासून माघापर्यंत जे पिकते ते विहिरीच्या पाण्यावर, जमिनीतील ओलीवर आणि घरातील माणसांच्या श्रमांवर पिकते. एखाद्या मळ्याचा खरा धनी कोण, हे पाहावयाचे असेल तर ते हिवाळ्यात पाहावे.

दिवसाचा आरंभ जात्यापासून होत असे. कोंबडा आरवण्यापूर्वी घरातील सासू-सून अथवा दोघी जावा जात्यावर समोरासमोर बसत. हिवाळ्यात भाकरी बाजरीची. बाजरी उष्ण म्हणून थंडीत तिलाच मान. बाजरीचे पीठ फार दिवस टिकत नाही, लवकर कडवट होते. म्हणून ते रोजच्या रोज दळावे लागे. त्या वेळी म्हटल्या गेलेल्या ओव्यांकडे विद्वानांचे लक्ष फार उशिरा गेले. गी पॉइटविन व हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या मावळ व मुळशी भागांपासून आरंभ करून खेडोपाडी जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. ज्या स्त्रियांचे नाव कोणत्याही दप्तरात नाही, त्यांनी आपले सुखदुःख कोठे नोंदविले होते याचा तो पुरावाच होय.

दळण झाले की गोठा. शेण काढून गोवऱ्या थापावयाच्या, धारा काढावयाच्या, विहिरीवरून पाणी आणावयाचे. पुरुष मंडळी तोवर मोटेच्या तयारीस लागलेली असत. आजच्या तरुण वाचकांनी मोट चालताना पाहिली नसेल. आमच्या वयाच्या मंडळींनी मात्र ती पाहिली आहे. विहिरीच्या काठापासून उतरत गेलेल्या वाटेस धाव म्हणत. बैल धावेवरून खाली चालू लागले की चाकावरून नाडा व खालच्या कण्यावरून सोंदूर ओढला जाऊन चामड्याची मोट भरून वर येई आणि तिच्या सोंडेतून पाणी थारोळ्यात पडे. मग बैल पाठीमागे सरत धावेच्या माथ्यावर येत आणि मोट पुन्हा विहिरीत उतरे. असे सूर्योदयापासून दुपारपर्यंत अखंड चाले. तीन-चार पुरुष खोल विहिरीतून अशा रीतीने काढलेले पाणी पाटाने वाफ्यांत जाई, तेव्हा त्यातील एक घागरही वाया जाऊ देणे पाप वाटे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मोट हाकणारा पुरुष सर्वांच्या नजरेत भरे. परंतु पाटाच्या दुसऱ्या टोकास दारे धरणारे जे माणूस असे, ते बहुधा घरची सून अथवा दहा-बारा वर्षांची मुलगी असे. एक वाफा भरला की मातीने त्याचे तोंड बंद करावयाचे आणि पुढच्या वाफ्याचे उघडावयाचे, हे काम थंडगार चिखलात अनवाणी पायांनी चाले. मार्गशीर्ष-पौषाच्या सकाळी पायांस भेगा पडून त्यांतून रक्त येई. रात्री त्या भेगांत कोमट तेल अथवा मेण भरावयाचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उभे राहावयाचे. गहू, हरभरा, वाटाणा, मेथी, कांद्याची रोपे, शेवंती या सर्वांस हेच पाणी पुरवावयाचे असे. म्हणून कोणत्या वाफ्याची पाळी केव्हा, याचा हिशेब घरातील वडीलधारी बाई तोंडी ठेवी. निरक्षर असूनही तिचा तो हिशेब सहसा चुकत नसे.

मोटेचा उल्लेख करताना आणखी एक ऋण मान्य केले पाहिजे. मोट शिवणारा चर्मकार, नाडा वळणारा मातंग, चाक व कणा बसविणारा सुतार आणि फाळ शेवटणारा लोहार यांच्या हातांवाचून आपल्या पूर्वजांचा एकही मळा भिजला नसता. खळ्यावर धान्याची रास पडली म्हणजे प्रथम त्यांचे बलुते काढून ठेवण्याची रीत होती. तथापि ते बलुते त्यांच्या श्रमांच्या मानाने अपुरे असे, आणि ज्यांनी मोट शिवली त्यांतील कित्येकांस त्याच विहिरीच्या पाण्यास शिवण्याची मुभा नव्हती, हेही सांगितले पाहिजे. जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य बांधवांस खुला केला, त्याचे महत्त्व अशा मळ्यांच्या पार्श्वभूमीवरच कळते.

दिवस थोडा वर आला की न्याहारी बांधावर येई. भाकरी, लसणाची चटणी, कांद्याची पात आणि नुकता खुडलेला हरभऱ्याचा कोवळा पाला. हरभऱ्याचे शेंडे खुडल्याने झाड अधिक फुटते. म्हणून भाजी आणि मशागत ही दोन्ही कामे एकाच हाताने होत. उरलेला पाला वाळवून उन्हाळ्यासाठी मडक्यात भरून ठेवीत. याच हरभऱ्यावर पहाटेच्या दंवात स्वच्छ धुतलेले फडके पसरून स्त्रिया आंब धरीत. फडके ओले झाले की ते भांड्यात पिळावयाचे. तो आंबट द्रव बाटलीत भरून वर्षभर पोटदुखीवर व अपचनावर देत. घरचे औषध, घरची भाजी आणि घरचे बी ही तिन्ही हिवाळ्यात एकाच वाफ्यातून निघत. बियांसाठी राखावयाची कणसे व शेंगा निवडण्याचे कामही घरातील वृद्ध स्त्रीचेच असे. राखेत घोळून, मडक्याचे तोंड शेणामातीने लिंपून ती पुढील वर्षाची तरतूद करी.

सणवार हे या कामांपासून वेगळे नव्हते. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे व कांदा मार्गशीर्षातील चंपाषष्ठीस जेजुरीच्या खंडोबास भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा खाण्यास आरंभ होई. याच सुमारास मळ्यात नवी वांगी भराला आलेली असत. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगे, पावटा, गाजर, हरभरा, वाटाणा यांची एकत्र भाजी होई. ती भाजी म्हणजे मळ्याच्या त्या आठवड्यातील उत्पन्नाची जणू यादीच. दुसऱ्या दिवशी संक्रांतीच्या सुगडांत ऊस, बोरे, गाजर, हरभऱ्याचे घाटे व गव्हाच्या ओंब्या घालून स्त्रिया परस्परांस वाण देत. सहा दिवस चिखलात राबणाऱ्या बाईस नवे लुगडे नेसून शेजारणीच्या उंबरठ्यावर जाण्याचा अवसर या निमित्ताने मिळे, हे त्या सणाचे महत्त्व कमी लेखण्यासारखे नाही.

ज्या मळ्यात उसाचा तुकडा असे, तेथे पौषात गुऱ्हाळ लागे. एका घरास हे काम झेपणारे नसल्याने चार घरे सावड करीत. बैल, चरक आणि माणसे एकत्र करून आज एकाचा तर उद्या दुसऱ्याचा ऊस गाळला जाई. बैलांच्या चरकातून निघालेला रस काहिलीत पडे, चुलवणात वाळलेली चिपाडे जळत, रसास भेंडीच्या रोपांचा चिकट पाणरस घालून वर आलेली मळी काढून टाकीत. पाक कोठे थांबवावयाचा हे गुळव्या ओळखी; क्षणाचा उशीर झाला तर ढेप काळी पडे आणि बाजारात भाव पडे. मुलांस काकवी आणि गरम गूळ भरपूर मिळे, म्हणून गुऱ्हाळाच्या आठवणी गोडच सांगितल्या जातात. परंतु चिपाडे वाळविणे, ती डोक्यावरून चुलवणापर्यंत आणणे, सर्व सावडकऱ्यांच्या भाकरी भाजणे ही कामे स्त्रियांची होती आणि गुऱ्हाळ रात्रभर चाले तेव्हा त्यांची चूलही रात्रभर विझत नसे.

पुरंदरात अंजिराच्या बागा असलेल्या घरांस खट्ट्या बहराची फळेही याच दिवसांत उतरावी लागत. पहाटेच्या गारठ्यात फळे तोडताना देठाचा चीक बोटांस लागून कातडी सोलून निघे. भाजी, फुले व फळे पाट्यांत भरून गाड्या संध्याकाळी निघत आणि दिवे घाट उतरून पहाटे पुण्यास पोहोचत. १८८६ मध्ये पुण्यात उघडलेली मंडई, जी आज महात्मा फुले मंडई या नावाने ओळखली जाते, ती आपल्या कित्येक घरांस रोख पैशाचे दर्शन घडविणारे एकमेव स्थान होते. गाडीबरोबर पुरुष जाई व पैसे त्याच्या हाती येत. जुड्या बांधणारे हात मळ्यातच राहत.

रात्रीही मळा निजत नसे. शाळूच्या कणसांत दाणा भरू लागला की दिवसा पाखरे आणि रात्री डुकरे यांपासून राखण करावी लागे. दिवसाची राखण मुलांकडे असे. चार मेढींच्या माळ्यावर गोफण घेऊन आठ वर्षांचा मुलगा सूर्योदयापासून उभा राही. हुरड्याच्या दिवसांत कोवळी कणसे भाजून खाण्याचा आनंद त्यास मिळे, हे खरे. परंतु त्याच दिवसांत त्याची शाळेतील जागा रिकामी राही, हेही तितकेच खरे. शाळेत गेलेला मुलगा माघात परत जाई तोवर पाठ पुढे गेलेले असत आणि पुष्कळांचे शिक्षण तेथेच संपे. मुलींचा तर आरंभही झालेला नसे. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या दांपत्याच्या समाजात, शंभर वर्षांनंतरही मळ्यातील मुलगी पाटावर दारे धरीत उभी होती, याची खंत आम्हांस नमूद करावीशी वाटते.

एवढे कष्ट करूनही घर का सावरत नसे, या प्रश्नाचे उत्तर जोतीरावांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात दिले. शेतकऱ्याच्या घरातील अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी व अन्न यांचे त्यांनी केलेले तपशीलवार वर्णन म्हणजे कुटुंबजीवनाचा इतिहास लिहिण्याचा आपल्या भाषेतील एक प्रारंभीचा प्रयत्न होय. शेतसाऱ्याचा हप्ता पुष्कळदा पीक विकण्यापूर्वीच दारात उभा राही आणि मग सावकाराकडे जाण्यावाचून गत्यंतर नसे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली, त्या उठावाच्या मुळाशी ही कर्जबाजारी घरेच होती. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. परंतु जमिनीचे तुकडे होत राहिले.

या तुकड्यांचे चित्र पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पिंपळे सौदागरच्या पाहणीत स्पष्ट दिसते. त्या गावी १७७१ मध्ये सरासरी जमीनधारणा ४० एकर होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१४-१५ मध्ये केवळ ७ एकर उरली. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान होते. प्रत्येक वाटणीबरोबर विहिरीच्या पाण्याची पाळी विभागली जाई, बैलजोडी मोडे, आणि उरलेल्या तुकड्यातून तेवढेच धान्य काढण्यासाठी घरातील माणसांना अधिक राबावे लागे. जमीन घटली त्या प्रमाणात जो भार वाढला, तो प्रामुख्याने स्त्रियांच्या व मुलांच्या अंगावर पडला, असे आमचे मत आहे. तेच पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत असून तेथे उंच इमारती उभ्या आहेत.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून जो सातबारा उतारा होतो, त्यातील नमुना बारामध्ये कोणत्या हंगामात कोणते पीक उभे होते याची नोंद असते. म्हणजे पणजीने ज्या हरभऱ्यावर आंब धरली त्या हरभऱ्याची नोंद सरकारदप्तरी सापडू शकेल. पणजीची मात्र सापडणार नाही. नमुना सातवर आजोबांचे नाव, त्यानंतर मुलांची नावे. स्त्रीचे नाव आलेच तर ते बहुधा पतीच्या निधनानंतर वारस म्हणून, आणि बहिणींची नावे आली तर काही दिवसांतच हक्कसोडपत्राने कमी झालेली. ज्या चार महिन्यांनी मळा जगविला, त्यांत ज्यांचे हात सर्वाधिक राबले, त्यांचे त्या मळ्याशी असलेले नाते कागदावर उमटलेच नाही.

ही स्थिती बदलण्याचे प्रयत्न झालेले आहेत. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवड येथे शेतकरी संघटनेचे मोठे महिला अधिवेशन भरले आणि पुढे श्री. शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले. अनेक गावांतील शेतकऱ्यांनी ते मनापासून स्वीकारले. १९९४ मध्ये महाराष्ट्राने हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे हक्क दिला. २००५ मध्ये केंद्राने तो सर्व देशासाठी केला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मतःच प्राप्त होतो, असा निर्वाळा दिला. कायदा असा निःसंदिग्ध असतानाही, जमिनीस भाव आल्यापासून राखीपौर्णिमा अथवा दिवाळीस माहेरी आलेल्या बहिणीपुढे सहीसाठी कागद ठेवले जातात, हे आपल्या समाजातील कोणासही अपरिचित नाही. “बहिणीचे लग्न करून दिले, आता तिचा काय संबंध?” असे विचारले जाते. त्यास उत्तर असे की, लग्नापूर्वीची दहा वर्षे प्रत्येक हिवाळ्यात पाटावर दारे धरून तिने तो संबंध निर्माण केला होता.

काही वाचक म्हणतील, जमीन आधीच लहान, तीत बहिणींचा वाटा काढला तर उरणार काय? ही शंका खोटी नाही. पिंपळे सौदागरचे आकडे आम्ही याचसाठी दिले. तुकडे होऊ नयेत म्हणून १९४७ मध्ये तुकडेबंदीचा व एकत्रीकरणाचा कायदा करावा लागला, हेही विसरता येत नाही. परंतु वाटा मान्य करणे आणि जमीन फाडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव सहहिस्सेदार म्हणून ठेवून मळा एकत्र कसता येतो. वाट्याचे मूल्य हप्त्याहप्त्याने देता येते. उत्पन्नातील भाग ठरविता येतो. गुऱ्हाळासाठी चार घरांची सावड करणाऱ्या पूर्वजांच्या वंशजांस दोन भावंडांची सावड जमू नये, हे पटण्यासारखे नाही. शिवाय बहीण स्वखुशीने हक्क सोडीत असेल, तर तो तिचा निर्णय. मात्र आपण काय सोडतो आहोत हे तिला पूर्ण समजलेले असले पाहिजे आणि नकार देण्याचे स्वातंत्र्य तिला असले पाहिजे.

मोटा गेल्या, त्यांच्या जागी प्रथम इंजिने आणि पुढे विजेचे पंप आले. बैलांचे चरक थांबले. भाजीची गाडी आता मोटारीने जाते. तरीही हिवाळ्यातील कामांचा भार पूर्णपणे हलका झालेला नाही. निंदणी, खुडणी, जुड्या बांधणे ही कामे आजही स्त्रियाच करतात, आणि विजेच्या वेळापत्रकामुळे गव्हास रात्री पाणी द्यावे लागण्याची पाळीही पुष्कळ गावांत येते. फरक एवढाच की, आज आपल्याजवळ अक्षर आहे, कायदा आहे आणि संघटनाही आहे.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस आमची दोन कामांची विनंती आहे. पहिले असे की, प्रत्येक कुटुंबाने घरातील वृद्ध आजी, आत्या, मावशी यांच्याजवळ बसून त्यांच्या तरुणपणीचा हिवाळा त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावा. विहीर किती खोल होती, मोट कोणाची होती, सावडीला कोणती घरे होती, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, एवढे प्रश्न पुरेत. आपल्या पुढील स्मरणिकांत अशा आठवणींस निश्चितच स्थान मिळावे. मोट पाहिलेली पिढी आता पंचाहत्तरीच्या पुढे गेली आहे. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. दुसरे असे की, घरातील सातबारा उतारा काढून त्यावर कोणाची नावे आहेत आणि कोणाची असावयास हवीत, याचा विचार कुटुंबातील सर्वांनी, बहिणींसह, एकत्र बसून करावा. ज्यांनी थंडीत पाणी धरून तो मळा राखला, त्यांचे नाव त्यावर लागले, तर आपल्या समाजाच्या इतिहासातील एक मोठी उणीव भरून निघेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.